तोफेचा कर्ता

आपल्या ऐतिहासिक कादंबरीत तोफ धडाडते. ती ओतली जाताना मात्र क्वचितच दिसते. हा दोष दुसऱ्याच्या पुस्तकात दाखवणे सोपे होते. पण मला तो आढळला माझ्याच कादंबरीत, आणि दाखवला सातवीतल्या एका मुलाने.

अणदूरहून नळदुर्ग जवळ. दरवर्षी शाळेची सहल तिथल्या किल्ल्यात जाते. उपली बुरुजावरच्या लांबलचक तोफेला हात लावून त्याने विचारले, "गुरुजी, ही केली कुणी?" मी म्हणालो, "आदिलशहाने." त्यावर तो म्हणाला, "राजा भट्टीपाशी बसला व्हय?"

घरी येऊन मी माझी कादंबरी काढली. तिच्यात आमच्याच जिल्ह्यातल्या परांडा किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ आहे. तिची गर्जना दीड पान, सुलतानाचा अभिमान पाऊण पान. कारागिराला ओळसुद्धा नाही.

वास्तविक कर्त्याचे नाव त्या तोफेवरच कोरलेले आहे: महंमद बिन हुसेन रूमी, हिजरी ९५६, म्हणजे इसवी सन १५४९. ती ओतली गेली अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत. पुढे ती परांड्याला आली, १६३२ मध्ये विजापूरला गेली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरवला. १८५४ मध्ये इंग्रजी अमदानीत ती लिलावात निघाली; बोली आली अवघी दीडशे रुपयांची, आणि विक्री रद्द झाली म्हणून ती वाचली. धनी बदलत गेले, कर्ता एकच राहिला. आम्हा लेखकांना धनी तेवढे पाठ! गर्जणाऱ्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. पण मूळ नाव 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाचा स्वामी, हेही विसरून बसलो आहोत.

अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावी पार्कर बंधूंचा दुनळी बंदुकांचा कारखाना होता. १९३४ मध्ये तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला, पण त्याच्या पुष्कळ नोंदवह्या टिकल्या. बंदुकीवरचा क्रमांक घेऊन अभ्यासक त्या चाळतात आणि ती कोणत्या प्रतीची, नळ्या किती लांबीच्या, हे शोधून काढतात. पाखरे मारण्याच्या बंदुकीची एवढी निगा! रूमीची वही आपल्यापाशी नाही. एक ओळ आहे. तीही आपण वाचली नाही.

म्हणून रूमीला एखादे प्रेमप्रकरण चिकटवावे, असे मी म्हणत नाही. तो पुन्हा राजवाड्याचाच मार्ग. पण सुमारे ५५ टनांची तोफ ओतायची, तर जळण किती लागेल, भट्ट्या किती पेटवाव्या लागतील, रसाची धार मध्येच तुटली तर साऱ्या श्रमांचे काय होईल, याचा विचार कादंबरीकाराला करता येतो. ही कल्पना सत्याला सोडून जात नाही.

तारखा बिनचूक असल्या की कादंबरी ऐतिहासिक ठरली, ही आपल्या समीक्षेची फूटपट्टी अपुरी आहे. त्या काळी कोणी काही घडवताना तिच्यात दिसते का, हेही विचारले पाहिजे. या परीक्षेत माझी कादंबरी नापास आहे. दुसऱ्या आवृत्तीचा योग आलाच, तर ते दीड पान मी प्रथम गाळीन.

सहलीनंतर काही दिवसांनी मी रूमीचे नाव सनासह फळ्यावर लिहिले. त्या मुलाने ते वहीत उतरवून घेतले.