चालकाने प्रवाशांची चौकशी करू नये

पस्तीस वर्षे मी चंद्रपुरात मुलांचे निबंध तपासले. त्या पुण्याईवर भाच्याने यंदाच्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या कूलरसमोर नऊशे ओळींचा प्रोग्रॅम आणून ठेवला.

"मामाजी, वाचा जरा. चुका तं तुम्हाले झोपेतही दिसतेत."

लिनक्स कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी. त्याच्यासाठी भाच्याने ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हटल्यावर मला मूलमार्गे गडचिरोलीला जाणारी एसटीच आठवणार. पण उपमा बरी निघाली. आठ पायांची एक चिमुकली फ्लॅश मेमरी असते. यंत्र सुरू होताना काय करायचे, हा पहिला धडा तिच्यात लिहिलेला असतो. तिच्यापर्यंत आज्ञा नेणारी गाडी म्हणजे कंट्रोलर, आणि ती गाडी हाकणारा हा ड्रायव्हर.

पहिला दोष: हा चालक फार चौकस. प्रत्येक आज्ञेला नाव विचारतो. ओळखीची असली तर बसवतो, नाहीतर खाली उतरवतो. उद्या दुसऱ्या कंपनीची मेमरी नवी आज्ञा घेऊन आली, की ती थांब्यावरच उभी! २०१८ साली लिनक्सच्या ४.१८ आवृत्तीत यावर तोडगा निघाला. आज्ञा कोणती, पत्ता किती बाइटचा, सामान किती, तारा किती, हे सगळे तिकिटावरच लिहिलेले येते. चालकाने तिकीट पाहून गाडी हाकावी. रस्ता झेपणारा नसेल तर निघण्यापूर्वीच सांगावे.

दुसरा दोष: कंट्रोलर "झाले" म्हणेपर्यंत हा थांबतो, आणि थांबण्याला मुदतच नाही. रेल्वे फाटक उघडलेच नाही, तर प्रवासी जन्मभर गाडीत.

तिसरा दोष मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काम फसले तरी हा 'शून्य' कळवतो. आमच्या शाळेत शून्याचा अर्थ निराळा होता. कर्नलमध्ये शून्य म्हणजे सारे ठीक! फ्लॅशमध्ये लिहिताना एकाचा शून्य करता येतो, उलट करायचे तर पाटी पुसावी लागते, आणि तीही एक अक्षर नव्हे, निदान ४ किलोबाइटचा तुकडा. म्हणजे जुना धडा पुसला, नवा उमटला नाही, आणि ड्रायव्हर म्हणतो ठीक. पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नाही.

"ही पेटी लागणार कुठे?" मी विचारले.

"भामरागडकडच्या नाक्यावर."

पर्लकोटेच्या पुराने तो रस्ता किती पावसाळे बंद पाडला, हे त्याला मी सांगायला नको होते. तरी तो फुरंगटला. "तीन दोषांसाठी सगळं पुन्हा लिहू काय?"

म्हटले, "धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे बहुमताने नाही, सर्वांची सहमती झाली की निर्णय होतो. एकाचा आक्षेप असला, तर पुन्हा बसतात. तू तर एकटाच आहेस!"

तो पुन्हा बसला. नऊशेच्या सहाशे ओळी झाल्या. चौकशा गेल्या, थांबण्याला मुदत आली, आणि फसल्यावर "फसलो" म्हणण्याची सवय लागली.

मी दहापैकी सात गुण दिले. पहिल्या खर्ड्याला शून्यच देणार होतो. पण तो "सारे ठीक" समजला असता.