साक्ष कोणाची?

आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या नागपूर-राजनांदगाव गाडीत ना. वा. टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या संसाराची आठवण लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४-३६) आहे. वडिलांच्या आणि स्वतःच्याही सोवळ्याचे इतके निर्भीड चित्रण मराठीत विरळाच. देवाने निभावून नेले, हा त्या आठवणीचा आधार.

पण नगरकडच्या ज्या महार-मांगांनी टिळकांच्याही आधी ख्रिस्त स्वीकारला, त्यांची साक्ष कुठे आहे? वाङ्मयेतिहासात मानाने बसली ती ब्राह्मण घरातली.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात इस्राएलाला बजावले आहे ते असे: तू मिसरात गुलाम होतास, देवाने तुला सोडवले, तेव्हा तुझ्या दासालाही विसावा मिळू दे. गुलामीचे नाव घेतल्यावाचून तिथे देवाचा विश्वासूपणा आठवताच येत नाही. आपल्याकडच्या उपदेशांत नेमके तेच नाव गळते आणि उरते नुसते सांत्वन. (हे सांत्वनही खोटे नाही, उपाशी माणसाला त्याने तगवले आहे.)

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींबाहेर राहिला. शीख दलितांना १९५६ साली, बौद्धांना १९९० साली आत घेतले. त्याने जात सांगितली तर चर्च अवघडते, धर्म सांगितला तर सवलत जाते.