अजिंक्य खेडे आणि स्वतःवरचे हसू

पराभवाची आठवण कोणत्या रसात सांगावी, हा प्रश्न इतिहास शिकविणाऱ्यास नित्य पडतो. वीर आणि करुण हे दोन रस आपल्या सवयीचे आहेत. तेथे हास्य डोकावले की अवमानाची शंका येते. ही शंका सर्वस्वी निराधार आहे असे नाही. परंतु हास्य आणि आदर ह्यांचे वैर अटळच आहे काय, ह्याचा विचार करावयास एक फ्रेंच चित्रकथामाला फार उपयोगी पडते. ती मुलांच्या हाती दिसते, एवढ्यावरून समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवावी असे आम्हांस वाटत नाही. ही माला म्हणजे ‘अ‍ॅस्टेरिक्स’.

रेने गोसिनी ह्यांचे लेखन आणि आल्बेर उदेर्झो ह्यांची चित्रे असलेली ही कथा २९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘पिलोत’ ह्या फ्रेंच साप्ताहिकात सुरू झाली आणि १९६१ मध्ये तिचे पहिले पुस्तक निघाले. काळ इसवी सनापूर्वी ५०. स्थळ गॉल, म्हणजे स्थूलमानाने आजचा फ्रान्स. सारा गॉल रोमनांनी जिंकला आहे, एक किनाऱ्यावरचे खेडे मात्र हार मानावयास तयार नाही. खेड्याभोवती चार रोमन छावण्या आहेत. गावच्या वैद्यबुवांचा काढा घेतला की अंगी अमानुष बळ येते. नायक अ‍ॅस्टेरिक्स देहाने लहान, पण बुद्धीने तल्लख. त्याचा सखा ओबेलिक्स लहानपणी काढ्याच्या कढईतच पडला होता. त्यामुळे त्याचे बळ कायमचे, आणि पुन्हा काढा मिळत नाही हे त्याचे दुःखही कायमचे.

वरवर पाहता हा केवळ बालिश खेळ वाटेल. तथापि त्याच्या तळाशी एक खरा पराभव आहे. इसवी सनापूर्वी ५२ मध्ये आलेसिया येथे गॉलांचा सेनानी वर्सिंजेटोरिक्स सीझरला शरण गेला. पुढे त्याला रोममध्ये बंदीत ठेवले आणि इसवी सनापूर्वी ४६ मध्ये सीझरच्या विजयोत्सवानंतर त्याचा वध झाला. कथा सुरू होते ती आलेसियानंतर दोन वर्षांनी. हे अजिंक्य खेडे कधीच नव्हते, हे लेखक जाणतो आणि वाचकही जाणतो. १९६८ साली पुस्तकरूपाने आलेल्या आव्हेर्न ढालीच्या कथेत तर हा विषय उघडच हाताळला आहे. तेथील गॉल मंडळी गेर्गोव्हियाच्या विजयाविषयी भरभरून बोलतात. आलेसियाचे नाव काढताच मात्र ते गाव कोठे आहे हेच आपणांस ठाऊक नाही म्हणून चिडतात. येथे विनोदाचे लक्ष्य सेनानीचे शौर्य नसून, सोयीचे तेवढेच लक्षात ठेवणारी मागची पिढी आहे.

हा भाग वाचताना आमच्या काकतीच्या वाचकास घरचीच गोष्ट आठवावी. राणी चन्नम्मा हिचा जन्म १७७८ मधला, ह्याच गावचा. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या सैन्याने कलेक्टर थॅकरे ह्याला ठार करून इंग्रजांचा पराभव केला, हे येथील प्रत्येक मुलास मुखोद्गत असते, आणि कित्तूरचा उत्सवही ऑक्टोबरातच होतो. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात कित्तूर पडले, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात बंदिवान झाली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये तेथेच निवर्तली. हा भाग मुलांच्या वहीत दोन ओळींत आटोपतो. गेर्गोव्हिया लांबलचक, आलेसिया आखूड! हसावयाचे ते राणीला नव्हे. तिच्या पराजयाने अस्वस्थ होऊन पान उलटणाऱ्या आपल्या सर्वांना हसावयाचे आहे. आणि असे हसू आले तर ते पान नीट वाचले जाण्याचा संभव अधिक.

गोसिनीच्या विनोदाचा दुसरा गुण म्हणजे त्याने पाळलेला क्रम. तो प्रथम स्वतःच्या गावाला हसतो. मासे शिळे आहेत ह्या एका वाक्यावरून गावभर मारामारी जुंपते. ढालीवर उभा राहून मिरविणारा नाईक वारंवार खाली कोसळतो. मेजवानीच्या वेळी गावच्या भाटाचे तोंड बांधून ठेवावे लागते. इतके झाल्यावर शेजाऱ्यांची पाळी येते. १९६६ च्या ब्रिटनविषयक पुस्तकात पाच वाजले की ब्रिटन योद्धे लढाई थांबवून गरम पाणी पितात, कारण चहा अजून त्यांच्याकडे पोहोचलेला नाही. त्यांची भाषा तर बहारीची आहे. फ्रेंच भाषेत विशेषण बहुधा नामानंतर येते. हे ब्रिटन फ्रेंच बोलताना ते इंग्रजीप्रमाणे आधी घालतात. हा विनोद शेजाऱ्याचे व्याकरण ठाऊक असणाऱ्यासच साधतो. गोसिनी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, अर्जेंटिनात वाढलेला. उदेर्झो इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. फ्रेंच अभिमानाकडे घरातून आणि उंबरठ्यावरून अशा दोन्ही ठिकाणांहून पाहण्याची त्यांना सवय होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हे ज्ञान जेथे नसते तेथे विनोद कसा पांगळा होतो, त्याचे उदाहरण दुर्दैवाने आपल्याच देशाविषयीचे आहे. गोसिनी १९७७ मध्ये वारला. त्यानंतर उदेर्झोने एकट्याने रचलेल्या १९८७ च्या पुस्तकात अ‍ॅस्टेरिक्स भारतात येतो. भाटाच्या बेसूर गाण्याने पाऊस पडतो ही कल्पना मेघमल्हाराची आठवण देणारी आणि उत्तम आहे. पण बाकीचा भारत म्हणजे फकीर, हत्ती, कपटी गुरू आणि अरबी कथांतून उडत आलेला गालिचा. ब्रिटन मनुष्याला हसताना लेखक त्याच्या घरात शिरला होता; भारतीयाला हसताना तो वेशीवरूनच परतला. चाच्यांच्या गलबतावरील कृष्णवर्णी टेहळ्याचे चित्रही असेच उसने आणि अनुदार आहे. हे दोष मालेच्या थोरवीपोटी झाकणे योग्य होणार नाही.

आपल्याकडे ह्या जातीचा विनोद नाही काय? रंगभूमीवर तो खासच आहे. वगातला सोंगाड्या जुन्या राजाच्या दरबारात आजची भाषा बोलतो; वसंत सबनीसांच्या १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या लोकनाट्याचे सारे बळ त्यातच आहे. किरकोळ चिमणराव आणि दांडगा गुंड्याभाऊ ही चिं. वि. जोशी ह्यांची जोडी फ्रेंच जोडीची दूरची नातलग शोभेल. मात्र मुलांसाठीच्या ऐतिहासिक वाङ्मयात हे हसू उतरलेले दिसत नाही. १९६७ पासून अनंत पै ह्यांच्या ‘अमर चित्र कथे’ने मोठे कार्य केले, परंतु तिचा स्वर प्रायः गंभीर आणि आदरयुक्तच राहिला.

म्हणून हा विनोद मराठीत मुरवावयाचा तर केवळ शब्दांतर पुरणार नाही. मुळात गॉलांची नावे ‘इक्स’ने संपतात आणि प्रत्येक नावात रोजच्या भाषेतला एखादा शब्दप्रयोग दडलेला असतो. आपल्याकडे तेच काम ‘कर’ हा प्रत्यय करील: वैद्यबुवा काढेकर, भाट बेसूरकर, मासेवाला शिळेकर. रोमनांची नावे ‘उस’ने संपतात, आळस आणि हव्यास हे शब्द तर शिरस्त्राण घालून तयारच उभे आहेत! शेजाऱ्यांच्या बोलीसाठी बेळगावचा सीमाभाग ही खाणच आहे; पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘रावसाहेबां’नी तिची श्रीमंती मराठी वाचकास दाखविली आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. त्यामुळे कन्नडभाषक मराठीत वाटी आणि तांब्या ह्यांच्या लिंगाशी अडखळतो, आणि आपण हसतो. परंतु कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही आहेत व दीर्घही. तो भेद मराठी जिभेला सहसा साधत नाही, तेव्हा हसण्याची पाळी त्यांची असते. दोन्ही हसू एकाच पुस्तकात यावयास हवीत. एकच आले तर त्याला विनोद न म्हणता टवाळी म्हणावे लागेल.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ह्या भागात अभिमानाचे शब्द पुष्कळ बोलले गेले आहेत, आणि त्यांमागची वेदना खरी आहे. हसण्याने ती खोटी ठरत नाही. आपसात भांडणारे ते गॉल रोमनांचा शिंग वाजताच एक होतात, ते एकमेकांची खोड ओळखून असतात म्हणूनच. इतिहासाच्या शिक्षकांनी ही माला अवांतर वाचनात जरूर ठेवावी, आणि ढालीची कथा वाचून झाल्यावर मुलांना बैलहोंगलविषयी एक पान लिहावयास सांगावे, अशी आमची सूचना आहे.