शिपायांची गोष्ट सांध्यापाशी अडते

रक्ताचा धडा शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास वापरतो: ‘तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक.’ पुस्तकांत ते असते, भिंतीवरच्या तक्त्यांत असते, गाइडांमध्ये तर असतेच. कधी सोबत चित्रही असते: ढाल-तलवार घेतलेली गोल पेशी आणि पळ काढणारे जंतू. उपमा सोपी आहे, मुलांच्या चटकन लक्षात राहते. मग तिच्याविरुद्ध तक्रार कशाला?

तक्रार अशी, की ही उपमा अर्धाच धडा शिकवते आणि उरलेला अर्धा समजणे अवघड करून ठेवते. समजा, वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजीची बोटे आमवाताने वाकडी झाली आहेत. सकाळी उठल्यावर तासभर त्यांची मूठ वळत नाही. ती विचारते, ‘सर, आजीच्या सांध्यात कुठले जंतू शिरलेत?’ जंतू नाहीत. शत्रूच नसेल, तर सैनिक लढतात कोणाशी? ‘सैनिक फितूर होतात’ असे सांगून आपण सुटका करून घेतो. माझ्या मते ही पळवाट आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. (आमवात म्हणजे इथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात निराळा.) निरोगी गुडघ्यात जेमतेम तीन-चार मिलिलिटर वंगणासारखा द्रव असतो आणि त्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी २०० पेक्षा कमी. आमवाताने सुजलेल्या गुडघ्यातून सुईने द्रव काढला, तर हाच आकडा साधारणपणे २,००० ते ५०,००० भरतो. त्यांत बहुसंख्य असतात न्यूट्रोफिल, म्हणजे जखमेत पू होतो तेव्हा सर्वांत आधी धावणाऱ्या पेशी. आपली अस्थिमज्जा त्या रोज सुमारे १०० अब्ज तयार करते.

न्यूट्रोफिल जंतूला ओळखते ती बहुधा त्याला चिकटलेल्या प्रतिपिंडांवरून. मग ती त्याला गिळते आणि पोटातल्या विकरांनी पचवते. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात मात्र स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध बनलेले प्रतिपिंड सापडतात. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये ज्याचे वर्णन केले तो ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ हाच. या प्रतिपिंडांच्या गुठळ्या सांध्यातल्या कूर्चेवर बसतात. न्यूट्रोफिल येते, खूण ओळखते आणि गिळायला जाते. पण कूर्चा काही जंतूएवढी नाही! घास तोंडात मावत नाही, आणि पोटात ओतायची विकरे बाहेरच सांडतात. कूर्चा झिजू लागते. यात फितुरी कुठे आली? जंतूपुढे जे केले असते, तेच तिने इथे केले.

उपमेचा दुसरा दोष अधिक मोठा आहे. सैनिक म्हटले की डोळ्यांपुढे मारामारी येते. पांढऱ्या पेशींच्या कामाचा फार मोठा भाग निरोप देण्याचा आहे, आणि दाह चालू राहतो तो या निरोपांमुळे. सांध्याचे आतले अस्तर एरवी एक ते तीन पेशींइतके पातळ असते. आमवातात ते जाड होते; त्यात मॅक्रोफेज, टी आणि बी पेशी ठाण मांडून बसतात. मॅक्रोफेज ‘टीएनएफ’ नावाचे प्रथिन सोडतात. ते पोचले की जवळच्या रक्तवाहिनीची आतली बाजू चिकट होते. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे आधी घरंगळतात, मग चिकटतात आणि भिंतीच्या फटीतून बाहेर पडतात. त्यांतल्या काही स्वतः निरोप सोडू लागतात. आणखी पेशी येतात. चक्र सुरू झाले! शिवाय हाड कुरतडणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. त्यांनाही याच निरोपांनी चेव येतो. वाकडी झालेली बोटे हा या सगळ्याचा शेवट.

फितुरीची कल्पना खरी असती, तर सैनिक ठार करणे हाच उपाय ठरला असता. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी वेगळा विचार केला. रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांनी फक्त टीएनएफ अडवले, तेव्हा दाहाचे दुसरे निरोपही ओसरले. १९९२ मध्ये टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड प्रथमच रुग्णांना दिले गेले आणि सुजलेले सांधे उतरू लागले. आजही उपचाराची सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त औषधाने होते, आणि नव्या औषधांनी सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण एक निरोप तोडून एवढा फरक पडतो, हे त्या प्रयोगाने दाखवले.

म्हणून टीएनएफला खलनायक ठरवण्याची घाई मात्र नको. २००१ साली अमेरिकेतून अहवाल आला: असे औषध घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षयरोग झाला होता. त्याचे कारण असे. क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे शरीरात दबून राहू शकतात, कारण मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसतात. ते कोंडाळे टिकते टीएनएफच्याच जोरावर. आपल्या देशात हे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी का करतात, ते यावरून कळेल. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींचे मला म्हणूनच नवल वाटते. कुठली शक्ती, आणि कोणत्या सांध्यात वाढवायची, ते त्या सांगत नाहीत. सैनिकांच्या उपमेवर वाढलेला ग्राहक तसे विचारतही नाही.

गंमत म्हणजे, पांढऱ्या पेशींची मूळ गोष्ट या उपमेपेक्षा सरस आहे. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी दिसली. ते पेशी शोधत होते जंतूंशी लढणाऱ्या. पण त्या प्रयोगात टोचला होता नुसता काटा. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर मिळाले.

धड्यात आणखी एक गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही: दाह थांबतो कसा? तो आपोआप विझत नाही, विझवला जातो. न्यूट्रोफिल एक-दोन दिवसांत ठरल्याप्रमाणे मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि गिळल्यावर आपले निरोप बदलतात: आता येऊ नका, डागडुजी सुरू करा. आमवातात ही आवराआवर नीट होत नाही.

वर्गात हे आणायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. कोणाच्या तरी पायात काटा रुततोच. लाली, सूज, ऊब आणि ठणका, ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात लिहून ठेवली. त्या मुलाला ही चार लक्षणे सकाळ-संध्याकाळ वहीत नोंदवायला सांगा. ती कधी सुरू झाली, कोणत्या दिवशी गेली, आणि काटा काढल्यानंतरही किती वेळ राहिली? मग आजीच्या सांध्यांविषयी त्या मुलीने विचारलेला प्रश्न पुन्हा वर्गापुढे ठेवा.