पावलांचा आवाज आणि विस्मयाचा हिशेब : ‘हेरेटिक’मधील अद्भुत

चेटकी, पिशाच्चे, मंत्रभारल्या वस्तू आल्या की कृती अद्भुत झाली, असे मानण्याची सवय आपल्या समीक्षेला बरीच जुनी आहे. वस्तुतः नाट्यशास्त्राने अद्भुताचा स्थायिभाव विस्मय हा सांगितला, तेव्हाच अद्भुताचे ठिकाण वर्ण्यवस्तूत नसून तिच्या परिणामात आहे, हे स्पष्ट झाले होते. ज्या कृतीत राक्षस आहेत पण विस्मय नाही, तिला केवळ राक्षसांच्या संख्येवर अद्भुत म्हणता येणार नाही. हा भेद कथा-कादंबरीच्या संदर्भात पुरेसा परिचित असला, तरी संगणकीय खेळांसारख्या नव्या रूपबंधाकडे वळताना तो विसरला जातो. अशा खेळांवर लिहिणारे एक तर त्यांतील हिंसेचा निषेध करून थांबतात, नाही तर त्यांची कथा सांगून ती बाळबोध असल्याचा निर्वाळा देतात. दोन्ही भूमिकांत कृतीचा घाट अस्पर्शित राहतो. ‘हेरेटिक’ या खेळाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर या संस्थेने घडवलेला हा खेळ डिसेंबर 1994मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी असलेली आज्ञावली इड सॉफ्टवेअरच्या ‘डूम’ (1993) या खेळाची होती. रेव्हनने तिच्यात मोलाची भर घातली. खेळाडूला वर-खाली पाहता येऊ लागले, काही काळ उडता येऊ लागले, वस्तू जवळ बाळगून हव्या त्या क्षणी वापरता येऊ लागल्या. कथा मोजकीच आहे. सर्पस्वार नावाच्या तीन दुष्ट शक्तींपैकी डिस्पॅरिलने जग ग्रासले आहे आणि कॉर्व्हस नावाचा एल्फ त्याच्या नाशासाठी निघाला आहे. ‘डूम’मधील बंदुकांच्या जागी येथे जादूची कांडी, दिव्य धनुष्य, अग्निदंड आले आहेत, विज्ञानकथेचा पोशाख उतरवून परीकथेचा चढवला आहे. प्रश्न असा की, पोशाखाबरोबर रसही बदलला काय?

वरवर पाहता याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. या खेळात जादू आहे ती मोजलेली आहे. स्फटिकाची कुपी रिचवली की प्रकृतीचे 25 अंक परत मिळतात. पंख लाभले की 60 सेकंद उडता येते, अभेद्यतेचे कडे 30 सेकंद टिकते. ‘टोम ऑफ पॉवर’ हा शक्तिग्रंथ उघडला की 40 सेकंदांपुरते प्रत्येक शस्त्र वेगळे होते. एरवी तीन बाण सोडणारे धनुष्य पाच सोडू लागते, हातमोजे शत्रूचे प्राण शोषून खेळाडूला देऊ लागतात. कोणतीही एक वस्तू 16पेक्षा अधिक जवळ ठेवता येत नाही आणि एक पातळी संपवून पुढे जाताना प्रत्येक प्रकारातील एकच उरते. परीकथेतील जादूचा दिवा एकदा हाती आला की जगाचे नियम मोडतो; येथील जादू ही जगाचा नियमच आहे. जमाखर्चाच्या वहीत बसते तिला विस्मयाचे कारण म्हणता येत नाही, ते साधन असते. हा हिशेब चुकवू पाहणाऱ्याची खेळाने केलेली थट्टाही बोलकी आहे. ‘डूम’मध्ये अमरत्व देणारी गुप्त अक्षरे येथे उमटवली, तर खेळाडू जागच्या जागी मरतो, सर्व शस्त्रे देणारी अक्षरे उमटवली, तर असलेली शस्त्रेही जातात. पूर्वसंहितेच्या वाचनातून आलेल्या सवयीला नव्या संहितेने दिलेली ही शिक्षा होय.

यावरून असे म्हणता येईल की, ‘हेरेटिक’चा प्रकट रस वीर आहे, अद्भुत नव्हे. त्याचा स्थायिभाव उत्साह आहे आणि राक्षस हे त्या उत्साहाचे केवळ आलंबन आहे. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी 1970मध्ये मांडलेल्या विवेचनाचा आधार घेतला, तर हे आणखी स्पष्ट होते. त्यांच्या मते विलक्षणाचा प्राण संदेहात आहे. घडले त्याला नैसर्गिक कारण आहे की अलौकिक, हे वाचकाला ठरवता येत नाही तोवरच तो टिकतो. नेमबाजीच्या खेळात अशा संदेहाला अवकाश कुठला? दार उघडताच समोर उभी राहिलेली आकृती खरी की भास, असा विचार करीत थबकणारा खेळाडू पुढच्या क्षणी जिवंत नसतो. येथे पाहणे आणि प्रहार करणे यांत अंतर उरत नाही, आणि विस्मयाला तर नेमके तेच अंतर हवे असते.

तथापि एवढ्यावर निर्णय देणे घाईचे ठरेल, कारण या खेळांना लावले जाणारे ‘प्रथमपुरुषी’ हे विशेषणच अद्याप तपासलेले नाही. झेरार झेनेत यांनी ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले. ‘हेरेटिक’मध्ये पाहणारा प्रथमपुरुषी आहे, बोलणारा मात्र नाही. कॉर्व्हस कुठेही ‘मी’ म्हणत नाही. प्रत्येक खंडाच्या शेवटी पडद्यावर मजकूर येतो तो खेळाडूला ‘तू’ म्हणून संबोधतो. म्हणजे दृष्टी पहिल्या पुरुषाची, वाणी दुसऱ्या पुरुषाची आणि ‘मी’ची जागा रिकामी, अशी ही रचना आहे. ‘डूम’मध्ये पडद्याच्या तळाशी नायकाचा चेहरा दिसत असे, तो घायाळ होई, रक्ताळे. ‘हेरेटिक’ने तो चेहरा काढून टाकला आणि त्या जागी साखळीवर सरकणारे एक रत्न ठेवले. नायक उरला तो शस्त्र धरलेल्या हातांपुरता. या हाताला पूर्वज आहे. इड सॉफ्टवेअरच्याच ‘कॅटकूम थ्री-डी’ (1991) या मांत्रिकाच्या खेळात अग्निगोल फेकणारा हात पडद्याच्या तळाशी दिसतो. हाताने ओळखला जाणारा, चेहरा नसलेला हा ‘मी’ कुणाचाही होऊ शकतो. साधारणीकरणाची कल्पना येथे फार शब्दशः प्रत्यक्षात आली आहे, असे म्हटले तर ते अगदीच गैर ठरू नये.

या रिकाम्या ‘मी’चा एक लक्षणीय प्रसंग म्हणजे कोंबडीत होणारे रूपांतर. ‘मॉर्फ ओव्हम’ नावाचे अंडे फेकले की शत्रूची कोंबडी होते. अनेकांनी मिळून खेळताना मात्र हेच अंडे प्रतिस्पर्धी आपल्यावर फेकू शकतो. तेव्हा पडद्यावरून हात नाहीसे होतात, त्या जागी चोच येते, आणि दृष्टीही जमिनीच्या जवळ सरकते. कालपर्यंत ठेंगणी वाटणारी भिंत उंच होते. रूपांतराच्या कथा तृतीयपुरुषात सांगितल्या जातात तेव्हा वाचक बदललेल्या देहाकडे बाहेरून पाहतो. येथे बदललेला देह दिसतच नाही, बदललेले जग दिसते. प्रसंग हास्याचा आहे, अवधीही 40 सेकंदांचाच आहे; पण हिशेबाच्या या जगात विस्मयाची पहिली चाहूल येथे लागते, आणि ती जादूच्या सामर्थ्यातून नव्हे तर सामर्थ्य हिरावले जाण्यातून लागते, हे विशेष.

दुसरी चाहूल अधिक खोल आहे आणि ती डोळ्यांना नव्हे, कानांना लागते. ‘हेरेटिक’च्या दालनांतून फिरताना मधूनच किंकाळी ऐकू येते, पाण्याचे थेंब पडतात, घंटा वाजते, कुणी हसते, कुणी गुरगुरते, कधी संथ, कधी वेगाने चालणारी पावले ऐकू येतात. खेळाडू वळून पाहतो. तिथे कुणी नसते. पुढच्या वेळी असते. खऱ्या शत्रूंचेही आवाज याच हवेत मिसळलेले असल्याने ऐकलेली गुरगुर चालून येणाऱ्या पशूची की वास्तूची, हे कळण्याचा मार्ग नसतो. 1999मध्ये रेव्हनने खेळाची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, तेव्हा या आवाजांचे स्वरूप वाचता येऊ लागले. कोणत्या पातळीवर कोणते आवाज असावेत एवढेच रचनाकाराने ठरवलेले असते. ते कधी आणि किती मोठ्याने उमटावेत, हे यदृच्छेवर सोडलेले असते. मुख्य म्हणजे हे आवाज कोणत्याही वस्तूशी बांधलेले नाहीत. त्यांना ना दिशा, ना उगम. ती पावले कुणाचीच नाहीत.

तोदोरोव्ह यांचा संदेह डोळ्यांच्या प्रांतातून हद्दपार झाला होता, तो असा कानांच्या वाटेने परत आला आहे. दिसते ते सर्व मोजता येते, मारता येते. ऐकू येते ते मात्र हिशेबात बसत नाही. शक्तिग्रंथ त्यावर चालत नाही आणि अग्निदंड त्याचा वेध घेऊ शकत नाही. वीररसाचा उत्साह जिथे हतबल होतो, तिथेच या कृतीत अद्भुताला, आणि त्याच्या शेजारच्या भयानकाला, जागा मिळते.

यावर आक्षेप संभवतो. सरावलेल्या खेळाडूला हे आवाज निव्वळ सजावट असल्याचे लवकरच उमगते आणि तो वळून पाहणे सोडून देतो. आक्षेप खरा आहे. परंतु दुसऱ्या वाचनात संदेह पूर्वीसारखा उरत नाही ही मर्यादा विलक्षणाच्या लिखित कथेलाही आहे आणि तोदोरोव्ह यांनी ती नाकारलेली नाही. यापेक्षा बिकट प्रश्न पुढच्या कृतीने उभा केला. ‘हेक्सन’ (1995) या उत्तरभागात रेव्हनने योद्धा, धर्मोपदेशक आणि मांत्रिक असे तीन नायक दिले आणि पातळ्या एकमेकींत गुंतवल्या. एका ठिकाणची कळ ओढली की परिणाम दूर दुसऱ्या दालनात होऊ लागला. न दिसणाऱ्या जागी काही तरी घडले, ही विस्मयाची मोठी शक्यता होती. पण कळ ओढताच कोड्याचा किती हिस्सा सुटला हे सांगणारी ओळ पडद्यावर येऊ लागली. अज्ञात घटनेचा अपूर्णांक झाला. ‘हेक्सन’ अधिक गुंतागुंतीचा आहे, अधिक महत्त्वाकांक्षीही आहे. पण त्यात न दिसणाऱ्यालाही वहीत आणण्याचा आग्रह आहे.

अशा कृतींचे मूल्यमापन कथेच्या निकषावर केले तर कॉर्व्हसची कथा चार वाक्यांत संपते आणि समीक्षकाचे कामही तिथेच संपते. हिंसेच्या निकषावर केले तर ‘डूम’ आणि ‘हेरेटिक’ यांतील भेदच दिसेनासा होतो. कृती भावकाला कोणत्या जागी उभे करते, त्याला काय मोजायला लावते आणि काय मोजू देत नाही, हे विचारले, तरच तिचा रस हाती लागतो. ‘हेरेटिक’च्या कर्त्यांनी कांडी, ग्रंथ, पंख अशी अद्भुताची सारी सामग्री खेळाडूच्या हाती दिली आणि ती देताच तिचे अद्भुतपण संपले. जे हाती दिले नाही, ते टिकले. डिस्पॅरिल शेवटी मरतो; त्याला मारता येते म्हणूनच तो विसरलाही जातो. ज्या पावलांना पाय नव्हते, त्यांचा निकाल मात्र खेळ संपल्यावरही लागलेला नसतो.