आजीचं नाव पहिलं

बायबलमध्ये आया पुष्कळ भेटतात. हन्ना आहे, मोशेची आई योखबेद आहे, मरीया तर आहेच. पण अमक्याची आजी म्हणून, नावानिशी भेटणारी स्त्री नव्या करारात एकच आहे. तिचं नाव लोईस. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन एवढीच तिची जागा, आणि तीही तीमथ्याची आई युनीके हिच्यासोबत वाटून घेतलेली. मातृदिनाच्या उपासनेत, महिला मंडळाच्या सभेत हे वचन हटकून वाचलं जातं. आयांना आणि आज्यांना त्यातून धीर मिळतो, मिळायलाच हवा. मात्र ते एकटं उचलून वाचलं, की त्यातला निम्मा रस मागेच राहतो. मागची-पुढची वचनं जोडून वाचावं, तेव्हा ते खुलतं.

पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे. लिहिणारा साखळदंडात आहे आणि आपला शेवट जवळ आल्याचं त्याला ठाऊक आहे. काही अभ्यासकांच्या मते हे पत्र पौलाच्या पश्चात त्याच्या परंपरेतल्या कुणीतरी त्याच्या नावानं लिहिलं. तसं असेल, तर पौलाच्या शेवटच्या शब्दांत एका आजीला जागा हवीच, असं त्या माणसालाही वाटलं म्हणायचं.

आता क्रम पाहा. तिसऱ्या वचनात पौल स्वतःच्या पूर्वजांची आठवण काढतो: त्यांनी ज्या देवाची सेवा केली, त्याचीच सेवा मी शुद्ध मनानं करतो. चौथ्यात तीमथ्याचे अश्रू आहेत. ते आठवतात, तुला भेटावंसं वाटतं, असं तो लिहितो. आणि पाचव्यात आजी, मग आई, मग तू. पौलाला आपला वंश अभिमानानं सांगता येतो. फिलिप्पैकरांस पत्रात तो आठव्या दिवशीच्या सुंतेपासून सगळं मोजून दाखवतो. तीमथ्याच्या बाजूला तसलं काही नाही. मग पौल काय करतो? त्याची वंशावळ बायकांकडून सांगतो. पूर्वजांच्या ओळीसमोर तो दोन बायका उभ्या करतो आणि ओळ पुरती झाल्याच्या थाटात पुढे जातो. बापाचं नाव नाही. त्याबद्दल खंत नाही की टोमणा नाही.

बापाची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात येते. आई विश्वास ठेवणारी यहुदी, बाप ग्रीक. मुलगा मोठा होईपर्यंत त्याची सुंता झालेली नव्हती; ती पुढे पौलानं करवली. या एका तपशिलात त्या घराचं सगळं अवघडलेपण मावलं आहे. यहुदी आईच्या मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायला हवी. इथं झाली नाही. कारण ग्रंथ सांगत नाही, पण बाप ग्रीक असल्याचं गावाला ठाऊक होतं, एवढं आवर्जून सांगतो. आणि गाव कुठलं? लुस्त्र, आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्याजवळचं. शेजारच्या इकुन्यात यहुद्यांचं सभास्थान होतं. लुस्त्रात ते असल्याचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो वेशीसमोरच्या झ्यूसच्या देवळाचा, आणि पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना देव समजून बैल नि माळा घेऊन आलेल्या पुजाऱ्याचा. रस्त्यावर लुकवनी बोली, घरात ग्रीक बाप. अशा ठिकाणी हा मुलगा बाळपणापासून पवित्र शास्त्र जाणत होता, असं पौल याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो. शिकवणाऱ्यांची नावं तिथं तो घेत नाही. कुणाकडून शिकलास हे तुला ठाऊक आहेच, एवढंच म्हणतो. पहिल्या अध्यायात नावं येऊन गेलेली असतात.

मला या वचनाचं सर्वात मोठं बळ इथं वाटतं. ज्या बाईला घरात धर्माचं सगळं यथासांग करता येत नाही, नवरा वेगळ्या वळणाचा आहे, मंदिर लांब आहे, चारचौघांसारखा संस्कारविधी झालेला नाही, तिच्या हातात जे उरतं ते तिनं दिलं. सांगितलं, म्हणून घेतलं, पाठ करवलं. आणि पौलासारखा नियमशास्त्रात मुरलेला माणूस त्या घराकडे पाहून काय नव्हतं ते मोजत बसत नाही. या बायकांमध्ये निष्कपट विश्वास आधीपासून राहत होता, असं तो म्हणतो.

आधीपासून. तीमथ्याला पौल लाडानं आपलं लेकरू म्हणतो, पत्राच्या सुरुवातीलाच. तरी त्या लेकराच्या श्रद्धेचं श्रेय तो घेत नाही. मोठ्या गुरूला हे सहज साधत नाही. माझ्या आधी तुझ्या घरात दोघी होत्या, हे कबूल करून तो त्यांच्या मागे उभा राहतो. ज्याच्या पाठीशी रूफाच्या आईसारखी बाई होती, जिला तो रोमकरांस पत्रात आपलीही आई म्हणतो, त्याला हे जमलं यात नवल नाही.

मग सहावं वचन. 'म्हणून' असा जोड देऊन पौल सांगतो की तुझ्यातलं देवाचं कृपादान प्रज्वलित कर. चूल विझलेली नसते, राखेखाली निखारा असतो, फुंकणी मात्र हाती घ्यावी लागते. तसा हा आदेश आहे. ज्या भित्र्या, हळव्या माणसाला तो दिला आहे, त्याला भित्रेपणाचा आत्मा आपल्याला मिळालेला नाही हे लगेच पुढच्या वचनात सांगावं लागतं. आजी आणि आईची आठवण इथं गोंजारण्यासाठी आलेली नाही. ती उठवण्यासाठी आली आहे. मातृदिनाला वाचन पाचव्या वचनावर थांबतं, याची मला हळहळ वाटते ती यासाठीच.

याच पत्रात बायकांविषयी कडू बोलही आहेत. तिसऱ्या अध्यायात घरांत शिरणाऱ्या भोंदूंच्या नादी लागलेल्या भोळ्या बायकांवर पौल कठोर होतो. तो भाग मी टाळत नाही. पण त्याच अध्यायात, काही वचनांनंतर, बाळपणीच्या त्या शिकवणीची साक्ष येते. घरात शिरून कुणी फसवू शकतो, आणि घरातच कुणी घडवतंही. दोन्ही एकाच अध्यायात वाचायला मिळतं.

मराठीत हे पत्र ज्यांनी उतरवलं, त्यांत पंडिता रमाबाई आहेत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करण्याचं काम त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलं आणि 1922 साली, ते हातावेगळं होताच, त्या गेल्या. त्यांना संस्कृत शिकवलं आई लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंना शिकवलं पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध सोसून. लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. तरी 1887 साली अमेरिकेत निघालेलं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं आपलं इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी अर्पण केलं ते आईच्या स्मृतीला. तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा होऊन चार वर्षं झाली होती. आईच्या तोंडून श्लोक पाठ केलेल्या या मुलीला लोईस आणि युनीके यांचं वचन मराठीत आणताना ते घर परकं वाटलं नसणार.

पत्राच्या शेवटी पौल एकटा पडलेला दिसतो. देमास सोडून गेला, जवळ फक्त लूक आहे. तीमथ्याला तो लवकर ये म्हणतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्यापूर्वी ये. हे ज्याला सांगितलं, त्याच्याच गावात लोकांनी पौलाला दगडमार करून, मेला असं समजून बाहेर ओढत नेलं होतं. अशा माणसाबरोबर त्या घरानं आपला मुलगा जाऊ दिला. निरोपाच्या वेळी युनीके काय बोलली, ते प्रेषितांच्या कृत्यांत लिहून ठेवलेलं नाही. पुढे इब्री लोकांस पत्राच्या अखेरीस तीमथ्याचं नाव एकदा येतं: आपला बंधू तीमथ्य सुटला आहे, असं तिथं कळवलं आहे. म्हणजे अश्रू आवरता न आलेला तो मुलगाही बंदिवास भोगून आला होता.