कल आणि कौल

आपल्या महाविद्यालयांतून व्यवसाय-मार्गदर्शन नावाचे एक शास्त्र आता स्थिरावले आहे. 'तुझा कल कशाकडे आहे?' हा त्याचा पहिला प्रश्न. प्रश्न निरागस वाटतो. पण ज्या समाजाने माणसाचा धंदा त्याच्या जन्माआधीच ठरवून ठेवला, त्या समाजात हा प्रश्न इतका निरागस राहू शकत नाही. गेली चार वर्षे आमच्या महाविद्यालयातील मार्गदर्शन कक्षाचे काम प्रस्तुत लेखकाकडे आहे. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. कक्षाच्या कपाटातील पुस्तके आणि आपल्या साहित्यातील आत्मकथने शेजारी-शेजारी ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आले की या विषयाचे मूलभूत ज्ञान कपाटात नाही, आत्मकथनांत आहे. तेच येथे मांडायचे आहे.

या शास्त्राचा जनक म्हणून अमेरिकेतील फ्रँक पार्सन्सचे नाव घेतले जाते. १९०८ साली त्याने बोस्टन शहरात मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. 'चूझिंग अ व्होकेशन' हे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे सूत्र तीन पायऱ्यांचे आहे : माणसाने स्वतःला ओळखावे, कामाची माहिती घ्यावी आणि या दोहोंचा विचारपूर्वक मेळ घालावा. पार्सन्सला गरिबांची कणव होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्या सूत्रात माणूस आहे, काम आहे. दोहोंच्या मध्ये उभा असलेला समाज मात्र नाही. पुढे जॉन हॉलंडने १९५९ मध्ये व्यवसायांचे सहा प्रकार मांडून माणसाचा स्वभाव त्यांच्याशी जोडला. महाराष्ट्रातही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची 'कलचाचणी' घेतली गेली. चाचण्या बदलत गेल्या. मधली जागा रिकामीच राहिली.

या मधल्या जागेत काय असते ते कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' या पुस्तकाने १९८१ सालीच दाखवून दिले आहे. त्यातील संस्कृत शिक्षणाची हकीकत आपल्या वाचकांना परिचित आहे. एका महार मुलीला संस्कृतची ओढ लागते. शाळेत गोखले गुरुजी तिला आडकाठी न करता शिकवतात. ती संस्कृतची एम.ए. होते. पार्सन्सच्या तिन्ही पायऱ्या येथे पूर्ण झाल्या आहेत. कल निर्विवाद, कामाची माहिती पक्की, मेळ चोख. तरीही नोकरी मिळत नाही. कुमुद सोमकुवर या नावाला जे दार बंद राहिले ते आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाला उघडले, असे लेखिकेने स्वतःच नोंदवले आहे. माणूस तोच, विद्या तीच, फक्त आडनाव बदलले. कोणत्या कलचाचणीत हा रकाना आहे?

आपल्या समीक्षेनेही या पुस्तकावर थोडा अन्याय केला आहे. प्रस्थापित समीक्षकांनी अशा लेखनाला 'वेदनेचा दस्तऐवज' म्हणून गौरवले आणि बाजूला ठेवले. आपणही तो गौरव स्वीकारला. परंतु पावडे केवळ वेदना सांगत नाहीत, त्या सिद्धान्त मांडतात. पात्रता स्थिर ठेवून आडनाव बदलले तर निकाल बदलतो, हे त्यांचे प्रतिपादन आहे. सव्वीस वर्षांनी, २००७ साली, सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी नेमका हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले आणि त्यांवरची नावे बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश. थोरात हे तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, हेही विसरू नये. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी सांगत. आणि त्याच तोंडाने उमेदवाराला 'घरची पार्श्वभूमी' विचारण्याचे समर्थन करीत. म्हणजे जे आत्मकथनाने आधी सांगितले ते संशोधनाने नंतर मोजले. तरीही पहिल्याला 'अनुभव' म्हणायचे आणि दुसऱ्यालाच 'ज्ञान', हा भेद आपण किती दिवस चालवून घेणार?

मार्गदर्शनाच्या पुस्तकांचे दुसरे अज्ञान असे की त्यांचे काम नेमणुकीच्या पत्रापाशी संपते. आपले साहित्य सांगते की खरी कसोटी तेथून सुरू होते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील (१९८४) नायकाला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळते, पण राहायला खोली शोधताना जात आडवी येते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोदे संस्थानात मोठ्या हुद्द्याची नोकरी होती. राहायला घर नव्हते. पारशी सरायीतून त्यांना बाहेर काढण्यात आले. मुलाखतीला बसावे कसे आणि बोलावे कसे, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. परक्या शहरात घरमालकाने आडनाव विचारले तर काय करावे, हे मात्र कोणत्याही कार्यशाळेत शिकवले जात नाही.

मग मार्गदर्शक हवा तरी कसा? त्याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एका मुलाला रोज वाचत बसलेला पाहत. त्यांनी त्याचा कल मोजला नाही. तो काय वाचतो ते पाहिले आणि त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. केळूसकरांमुळे बाबासाहेब घडले, असे म्हणणे शुद्ध खोटेपणाचे ठरेल. पण दार कोठे आहे आणि ते कोण उघडू शकतो ही माहिती त्या घरात नव्हती, ती केळूसकरांनी पुरवली. सवर्ण घरात ही माहिती काका-मामांकडून जेवताना मिळते. तिला कोणी आरक्षण म्हणत नाही, इतकेच.

येथे मला स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्याला आपल्या तांड्यावरच्या स्थलांतराचा अभ्यास करायचा होता, बाहेर जाऊन शिकायचे होते. मी त्याला म्हणालो, "बाळा, आधी पोटापाण्याचे बघ. पोलीस भरतीची तयारी कर." मी हे प्रेमाने सांगितले, माझ्या बापानेही मला असेच सांगितले असते. त्याने मान डोलावली आणि तो गेला. आज तो भरतीच्या मैदानावर धावतो आहे. त्या कामात काही कमीपणा नाही. परंतु त्या क्षणी मी त्याचा कल पाहिला नाही, मी कौल दिला. आणि तो कौल माझा नव्हता, व्यवस्थेचा होता. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, हे मला ऐकून माहीत होते. त्याच्या प्रवर्गाला कोणती लागू पडते, अर्ज केव्हा करायचा, कागद कोणते लागतात, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या अज्ञानाला मी 'व्यवहारीपणा' हे नाव दिले होते.

शासनही असाच कौल देते. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आदींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातील समाजाचा अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबियातील परिसंवादात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता! आपल्या मुलांनी यंत्रे शिकावीत, स्वतःच्या समाजाचा अर्थ लावू नये, असाच या निर्णयाचा अर्थ होत नाही काय?

म्हणून काही गोष्टी आग्रहाने मांडाव्याशा वाटतात. मार्गदर्शन कक्षाच्या कपाटात 'अंतःस्फोट' आणि 'अक्करमाशी' ठेवली पाहिजेत, आणि पाठ्यपुस्तके म्हणून ठेवली पाहिजेत. शिष्यवृत्त्या, मुदती, वसतिगृहे आणि आपले पुढे गेलेले विद्यार्थी यांची नोंदवही प्रत्येक महाविद्यालयात कोणीतरी चालवली पाहिजे. कार्यकर्त्यांनी हे काम मोर्चाइतकेच महत्त्वाचे मानावे. आणि आपल्या लेखकांना एक विनंती. आपली बरीचशी आत्मकथने नोकरी लागेपर्यंत येऊन थांबतात. नोकरीतली पुढची तीस वर्षे, गोपनीय अहवाल, डावललेली बढती, जेवणाच्या सुट्टीतले एकटेपण, हे पुरेसे लिहिले गेलेले नाही. ते लिहा. माझ्या कक्षाबाहेर बाकावर बसलेल्या मुलांना त्याची गरज आहे.

त्या विद्यार्थ्याला मी गेल्या महिन्यात निरोप पाठवला आहे. नोंदवही आता माझ्या टेबलावर आहे. तो आला, तर या खेपेला त्याला काही सांगण्याआधी मी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेईन.